टायमर आपोआप चालत नाही

कारखान्यातील यंत्रांवर हुकमत चालवणाऱ्या पीएलसीच्या प्रोग्रॅमविषयी एक मत आमच्या व्यवसायात अलीकडे इतके रुळले आहे की, ते मत आहे आणि त्याला आधार मागता येतो, हेच पुष्कळांच्या ध्यानात राहिलेले नाही. त्या मताचा मजकूर असा : पूर्वी प्रोसेसर मंद होते आणि स्मृती तोकडी होती, म्हणून कोणता फंक्शन ब्लॉक कोठे, किती वेळा आणि कोणत्या क्रमाने कॉल करायचा याची कडक शिस्त पाळणे भाग होते, आता अख्ख्या प्रोग्रॅमचे एक स्कॅन एकदोन मिलिसेकंदांत उरकते, तेव्हा ती शिस्त बाळगण्याचे प्रयोजन उरलेले नाही. टायमर ज्या अवस्थेत लागतो त्या अवस्थेतच, तेवढ्यापुरता कॉल करावा; लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली की ती घ्यावी; आणि यंत्र चालू असताना ब्लॉकमध्ये फेरफार उतरवण्याची सोय निर्मात्यांनी दिलेलीच आहे, तर तिचा निःशंकपणे उपयोग करावा. काळाचा हिशेब यंत्रणा ठेवतेच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्याची उठाठेव करू नये.

हे मत मांडणारे लोक अनभिज्ञ नाहीत. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर येथील कारखान्यांत रात्री जागून यंत्रे चालू करून देणारे, मुदतीच्या दडपणाखाली काम करणारे आणि आपल्या कामात निष्णात असे हे अभियंते आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात सत्याचा काही अंश आहे, हे प्रथमच मान्य करतो. टायमर त्याच्या अवस्थेच्या मजकुरातच लिहिला म्हणजे वाचणाऱ्याला कार्यकारण एका ठिकाणी दिसते, ही गोष्ट खरी. निर्मात्याच्या नव्या आवृत्तीत जुने दोष दुरुस्त झालेले असतात, हेही खरे. परंतु या अंशतः खऱ्या विधानांवरून जो निष्कर्ष काढला जातो तो मुळातून चुकीचा आहे, आणि यंत्रशाळेत चुकीच्या निष्कर्षाची किंमत तो काढणारा देत नाही, यंत्रापाशी उभा असलेला कामगार देतो. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

यंत्रणेचे वास्तविक वर्तन काय आहे ते आधी पाहू. पीएलसी आपला प्रोग्रॅम अखंड आवर्तनांत चालवते : प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी इनपुटांची स्थिती वाचून तिची प्रतिमा स्मृतीत ठेवते, मग प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत एकदा पार पाडते, आणि त्यातून निघालेले निर्णय आउटपुटांकडे रवाना करते. आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने, ज्याची पहिली आवृत्ती १९९३ साली निघाली, टायमरांचे तीन ब्लॉक ठरवून दिले : टीओएन, टीओएफ आणि टीपी. यांपैकी टीओएन, म्हणजे विलंबाने चालू होणारा टायमर, घ्या. त्याला आयएन आणि पीटी ही दोन इनपुटे आणि क्यू व ईटी ही दोन आउटपुटे असतात. आयएन सत्य झाल्यापासून पीटीमध्ये लिहिलेली मुदत उलटली की क्यू सत्य होतो, एवढे सारेच जाणतात. दुर्लक्ष होते ते असे की, या ब्लॉकच्या पोटात चालते घड्याळ नसते. मागच्या कॉलच्या वेळी आयएन सत्य होता की असत्य, आणि तो सत्य झाला तेव्हा यंत्रणेच्या घड्याळात किती वाजले होते, एवढ्या दोनच गोष्टी त्याच्या इन्स्टन्समध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्मृतीत, साठवलेल्या असतात. साहेबांनी हाक मारली तरच मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणारा आणि मागच्या नोंदीशी वजाबाकी करून बाकी सांगणारा कारकून जसा असावा, तसा हा ब्लॉक होय. हाक मारलीच नाही, तर मधल्या काळात काय घडले याची त्याच्या दप्तरी नोंद होत नाही, आणि पुढे केव्हातरी हाक आली, तर तो जुन्याच नोंदीवरून हिशेब पुढे चालू करतो.

मग टायमर आपोआप धावतो हा समज आला कोठून? तो आला रिलेच्या पॅनेलांतून, आणि त्याला इतिहास आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला आपल्या कारखान्यातील रिलेंची जंगी पॅनेले काढून त्यांच्या जागी फिरून प्रोग्रॅम करता येईल असे साधन हवे होते, आणि त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या मंडळीत डिक मॉर्ली यांच्या कल्पनेतून जे यंत्र आकारास आले ते पुढे मॉडिकॉन ०८४ या नावाने प्रसिद्ध झाले. त्या मंडळीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून ०८४. कारखान्यातील वायरमनला नवी भाषा शिकावी लागू नये या हेतूने प्रोग्रॅमचे रूप रिलेच्या आकृतीसारखेच, लॅडरचेच, ठेवण्यात आले. हा निर्णय व्यवहारदृष्ट्या अत्यंत शहाणपणाचा होता. पीएलसी जगभर पसरली ती मुख्यतः त्यामुळे. परंतु आकृती तीच राहिली तरी तिच्यामागचे भौतिक सत्य पालटले होते. पॅनेलमधील हवेच्या भात्याचा टायमर खरोखरच स्वतः चालत असे. शेजारचे पंचवीस रिले काय करीत आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते, कारण तेथे सारे काही एकाच वेळी घडत होते. लॅडरच्या पायरीवर काढलेला टायमर मात्र आपली पाळी येईल तेव्हाच जागा होतो, आणि ती पायरी जंपने ओलांडली तर जागाच होत नाही. आकृती पाहून डोळ्यांना समांतरता दिसते आणि प्रोसेसर एकामागून एक काम करतो, या विसंगतीत आपल्या वादाचे मूळ आहे.

आता परिणाम पाहू, आणि तो ज्या ठिकाणी जिवावर बेततो तेथेच पाहू. वायूवर चालणारी एक औद्योगिक भट्टी आहे. बर्नर पेटवण्यापूर्वी आत साचलेला ज्वालाग्राही वायू पंख्याने बाहेर काढून टाकावा लागतो. एनएफपीए ८६ हे अमेरिकी मानक भट्टीच्या घनफळाच्या किमान चौपट ताजी हवा आतून जाऊ द्यावी असे सांगते, आणि पंख्याच्या क्षमतेवरून त्याची मुदत निघते. ती मुदत ६० सेकंद निघाली असे समजा. प्रोग्रॅम लिहिणारा अवस्थांची एक मालिका लिहितो आणि शुद्धीकरणाच्या अवस्थेच्या मजकुरात टायमर कॉल करतो : आयएन सत्य, पीटी ६० सेकंद, क्यू सत्य झाला की पुढच्या अवस्थेत जा. वाचायला यापेक्षा सोपे काही नाही. यंत्र चालू करताना पहिल्यांदा पाहिले, तर ६० सेकंद बरोबर मोजले जातात, सर्वांचे समाधान होते, कागदावर सही होते. पुढे एके दिवशी विसाव्या सेकंदाला हवेचा दाब पडतो. प्रोग्रॅम दोषाच्या अवस्थेत जातो, जेथे हा टायमर कॉल होत नाही. पाच मिनिटांनी पंखा दुरुस्त होऊन ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो, आणि शुद्धीकरणाची अवस्था परत येते. टायमर कॉल होतो. त्याच्या स्मृतीत आयएन मागेही सत्यच होता, तेव्हा नव्याने आरंभ झाला असे मानण्याचे त्याला कारण नाही. तो सुरुवातीच्या नोंदीशी वजाबाकी करतो, बाकी पाच मिनिटे वीस सेकंद येते, आणि पहिल्याच स्कॅनमध्ये क्यू सत्य होतो. पंखा धड सुरूही झालेला नसताना प्रोग्रॅमच्या दृष्टीने भट्टी शुद्ध झालेली असते! याहूनही भयंकर गोष्ट अशी की, कोणताही दोष न येता पहिले चक्र सुरळीत पार पडले, तरी आयएन असत्य असताना टायमर कधी कॉलच झालेला नसल्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या चक्रात शुद्धीकरणाची मुदत शून्य होते. पहिली चाचणी यशस्वी होते ती इन्स्टन्स कोरा असतो म्हणून. आणि आमच्या व्यवसायात चाचणी बहुधा एकदाच होते.

यावर असे उत्तर मिळेल की, बर्नरची सुरक्षा स्वतंत्र प्रमाणित नियंत्रकाकडे असते, साध्या पीएलसीकडे नसते. असावी, हे खरे. आणि जेथे असते तेथे हा अनर्थ टळतो. पण तो टळतो दुसऱ्याच्या शिस्तीमुळे. आणि जेथे असा दुसरा पहारा नसतो, तेथील उदाहरण घ्या. दूध टाकीत घेऊन त्याचे पाश्चरीकरण करण्याची जी पद्धत आहे तीत दूध ६३ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. मध्येच तापमान खाली गेले, तर मोजणी प्रथमपासून झाली पाहिजे. तापमान योग्य असेल तरच टायमर कॉल करावा, असे एखाद्याने लिहिले, तर दहाव्या मिनिटाला वाफ गेली आणि पंचविसाव्या मिनिटानंतर परत आली असता मधली पंधरा मिनिटेही हिशेबात धरली जातात, आणि पुरेसे न तापलेले दूध पुढे जाते. (७२ अंशांवर १५ सेकंद ठेवण्याची जी अखंड प्रवाहाची पद्धत आहे तिच्यात मुदत नळीच्या लांबीने आणि प्रवाहाच्या वेगाने सांभाळली जाते, तेथे काळाचा हिशेब धातूत घडवलेला असल्यामुळे प्रोग्रॅमला तो बिघडवता येत नाही, आणि ही रचना करणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.)

हा एखाद्याच निर्मात्याच्या यंत्राचा दोष नाही. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० या जुन्या मालिकेच्या पुस्तिकेतच इशारा दिलेला होता की, चालू टायमर ज्या पायरीवर आहे ती पायरी जंप किंवा सबरुटीनमुळे ओलांडली गेली, तर शतांश सेकंदाच्या मोजपट्टीवर अडीच सेकंदांपर्यंतची खोट भरून निघते, त्यापलीकडे मात्र वेळ चुकतो आणि तो चुकल्याचे कळण्याचा मार्ग नसतो. तेथे वेळ हरवतो, वरच्या भट्टीत वेळ अधिक भरतो. चूक दोन दिशांची, कारण एकच.

उपाय अवघड नाही. प्रत्येक टायमर, प्रत्येक काउंटर, चढती कड ओळखणारा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे ज्याला म्हणून स्मृती आहे तो प्रत्येक ब्लॉक, अवस्थांच्या मालिकेबाहेर, विनाअट, प्रत्येक स्कॅनमध्ये एकदा आणि एकदाच कॉल करावा. अट ब्लॉकच्या कॉलवर न घालता त्याच्या इनपुटावर घालावी. शुद्धीकरणाचा टायमर रोजच्या रोज, क्षणोक्षणी कॉल होत राहील. त्याचा आयएन मात्र अवस्था शुद्धीकरणाची असेल आणि हवेचा दाब असेल तेव्हाच सत्य होईल. दाब गेला त्याच स्कॅनमध्ये टायमरला आयएन असत्य दिसेल आणि तो शून्यावर येईल. येथेही एक बारकावा सांभाळावा लागतो : लागोपाठच्या दोन अवस्थांना एकच इन्स्टन्स वापरला, तर पहिली संपून दुसरी सुरू होताना आयएन असत्य झालेला टायमरला कधी दिसतच नाही, आणि दुसरी अवस्था पहिलीच्या शिल्लक वेळेवर चालते. सबब प्रत्येक मुदतीला तिचा स्वतःचा इन्स्टन्स हवा.

वाचनसुलभतेचा आक्षेप मी यापुढे तितकासा गंभीर मानत नाही. जे वाचायला सोपे आहे आणि वाचणाऱ्याला चुकीचे सांगते, ते सुलभ म्हणता येत नाही. अवस्थेच्या मजकुरातील तो टायमर वाचकाला असे सांगतो की येथे शिरताच मोजणी सुरू होते, आणि नेमके तेच खोटे आहे.

वेगाचा युक्तिवाद तर आपल्याच प्रतिपादकांच्या विरुद्ध साक्ष देतो. प्रोसेसर मंद होते त्या काळी, जेव्हा सीमेन्सच्या यंत्रांत स्कॅनवरच्या पहाऱ्याची ठरीव मर्यादा १५० मिलिसेकंद असे आणि मोठ्या प्रोग्रॅमला ती अपुरी पडण्याची धास्ती वाटे, तेव्हा न लागणारे ब्लॉक वगळून वेळ वाचवण्यास काही सबब तरी होती. आज टायमरच्या एका कॉलचा खर्च मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो. शंभर टायमर प्रत्येक स्कॅनमध्ये कॉल केले तरी त्याची झळ लागत नाही. म्हणजे वेगाने जर काही अनावश्यक ठरवले असेल, तर ते ब्लॉक वगळणे होय. शिवाय एका स्कॅनची लांबी आणि न झालेल्या कॉलांचा काळ या दोन भिन्न राशी आहेत. स्कॅन दहा मिलिसेकंदांवरून एकावर आले म्हणजे टायमरच्या अचूकतेतील नऊ मिलिसेकंदांची त्रुटी गेली. वर सांगितलेली पाच मिनिटांची त्रुटी जशीच्या तशी राहिली, कारण ती वेगातून उपजलेलीच नव्हती. उलट वेग वाढल्याने जुने गुप्त दोष उघडे पडतात : स्कॅन मोजून वेळ काढणारे प्रोग्रॅम, ज्यांत शंभर आवर्तने म्हणजे एक सेकंद असे कोणी गृहीत धरले होते, ते नव्या प्रोसेसरवर नेले की एक सेकंदाचा विलंब एक दशांशावर येतो, आणि सिलिंडर पुरता मागे सरण्याआधीच पुढचा झडप उघडण्याचा हुकूम सुटतो.

माझ्या प्रतिपक्षातील जाणकार येथे एक बळकट दाखला देतील, आणि त्याचा परामर्श घेतलाच पाहिजे. सीमेन्सच्या एस५ पद्धतीचे जुने टायमर खरोखरच आपोआप चालत. १० मिलिसेकंदांपासून २ तास ४६ मिनिटे ३० सेकंदांपर्यंतची त्यांची मुदत प्रोग्रॅमच्या आवर्तनाशी निरपेक्षपणे, यंत्रणेच्या पातळीवर कमी होत जाई. तर मग आपोआप चालणारा टायमर शक्य आहे, आणि नव्या मानकाने उगाच एक पाऊल मागे टाकले, असे म्हणता येईल काय? येत नाही. त्या टायमरांची अडचण अशी होती की, स्कॅन चालू असताना मध्येच मुदत संपली, तर प्रोग्रॅमच्या आरंभी जो टायमर अपूर्ण दिसला तोच अखेरीस पूर्ण दिसे; एकाच स्कॅनमधील दोन निर्णय एकाच प्रश्नाच्या दोन परस्परविरुद्ध उत्तरांवर उभे राहत, आणि असा दोष महिन्यातून एकदा प्रकट होई व शोधायला गेल्यास सापडत नसे. कॉलच्या क्षणीच काळ पाहायचा या मानकाच्या नियमाने तो गोंधळ मिटवला : एका स्कॅनमध्ये एका टायमरचे उत्तर एकच. या निश्चिततेचे मोल म्हणून नियमित कॉलची जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि हा सौदा उत्तम आहे. मात्र ही निश्चितता सर्वत्र गृहीत धरू नये. सीमेन्सच्याच एस७-१२०० मध्ये टायमरचा क्यू किंवा ईटी नुसता वाचला तरी तो अद्ययावत होतो, म्हणून तेथे क्यू एकदाच वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि स्कॅनभर सर्वत्र तेच व्हेरिएबल वापरावे.

काळाची जी गोष्ट टायमरची, तीच पीआयडी नियंत्रकाची, आणि तेथे ती अधिक सूक्ष्म आहे. सीमेन्सच्या एफबी ४१ या नियंत्रक ब्लॉकला सायकल नावाचे एक इनपुट असते : आपल्याला किती काळाने कॉल केले जाते हे ब्लॉकला तेथे सांगायचे असते, आणि काहीच सांगितले नाही तर तो एक सेकंद समजतो. हा ब्लॉक दर १०० मिलिसेकंदांनी चालणाऱ्या ओबी ३५ मध्ये ठेवला आणि सायकल तशीच सोडली, तर प्रत्येक कॉलला त्याच्या लेखी एक सेकंद उलटतो, आणि त्याची संकलनक्रिया दसपट वेगाने होते. भट्टीचे तापमान वरखाली हेलकावू लागते आणि ट्यूनिंग करणारा बिचारा गुणकांत दोष शोधत बसतो. हाच ब्लॉक प्रत्येक स्कॅनला चालणाऱ्या ओबी १ मध्ये टाकला तर स्कॅनची लांबी बदलेल तसे त्याचे वर्तन बदलते. येथे कोणता प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी काय उपयोग? ब्लॉकला खरा काळ सांगणे हे माणसाचेच काम आहे.

काही नवमतवादी म्हणतात की स्कॅन ही कल्पनाच टाकून द्यावी आणि आयईसी ६१४९९ या मानकाच्या घटनाप्रेरित ब्लॉकांकडे वळावे. त्या मानकाविषयी मला आदर आहे. परंतु जे त्याच्याकडे शिस्तीतून सुटका म्हणून पाहतात त्यांनी ते वाचलेले नाही. तेथे ब्लॉकला घटना पोचली नाही, तर त्याच्या इनपुटावर आलेली नवी माहिती तो घेतच नाही. कोणती घटना कोणत्या माहितीसह यायची हे एकेक करून जोडावे लागते. क्रमाची जी जबाबदारी स्कॅनने अंशतः उचलली होती ती तेथे संपूर्णपणे रचनाकाराच्या पदरी येते, आणि पहिल्या आवृत्तीनंतर एकच रचना निरनिराळ्या रनटाइमवर निरनिराळ्या क्रमाने चालते असे आढळल्यामुळेच २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ब्लॉकच्या वर्तनाचे नियम अधिक स्पष्ट करावे लागले.

आता चालत्या यंत्रावरील फेरफारांकडे वळतो. कारण ज्यांना टायमरविषयीचे माझे म्हणणे पटते, त्यांपैकीही अनेक जण येथे सैल पडतात. फंक्शन ब्लॉकचा प्रकार आणि त्याचे इन्स्टन्स या दोन गोष्टी आहेत. प्रकार म्हणजे नियम. इन्स्टन्स म्हणजे एका विशिष्ट मोटरची, विशिष्ट व्हॉल्व्हची या क्षणाची हकिगत : ती कितव्या अवस्थेत आहे, किती तास चालली आहे, तिच्या टायमरची मुदत किती उरली आहे. प्रकारात एक नवे व्हेरिएबल घातले की त्याच्या साऱ्या इन्स्टन्सची मांडणी बदलते. एस७-३०० च्या पिढीत अशा वेळी इन्स्टन्सचा डेटा ब्लॉक नव्याने तयार करून डाउनलोड करावा लागे, आणि चालू किमतींच्या जागी आरंभीच्या किमती बसत. एका व्हेरिएबलसाठी चाळीस मोटरींचा इतिहास पुसला जाई, आणि मधल्या अवस्थेत असलेले यंत्र आपण पहिल्या अवस्थेत आहोत असे समजू लागे. नव्या पिढीच्या एस७-१५०० मध्ये ब्लॉकमागे राखीव स्मृती ठेवून नवी व्हेरिएबले तेथे बसवण्याची सोय आहे, आणि कोडेसिस या प्रोग्रॅमिंग प्रणालीत ऑनलाइन चेंजच्या वेळी जुन्या किमती नव्या जागी उतरवून घेतल्या जातात. या सोयी मोलाच्या आहेत. पण त्यांच्या मर्यादा न जाणता त्यांवर विसंबणे घातक आहे : कोडेसिसमध्ये व्हेरिएबलचे केवळ नाव बदलले तरी यंत्रणेच्या दृष्टीने जुने नाहीसे होऊन नवे जन्मास येते आणि ते आरंभीच्या किमतीपासून सुरू होते, इन्स्टन्स स्मृतीत दुसरीकडे हलला, तर त्याचा पत्ता धरून ठेवलेला पॉइंटर भलत्याच जागेकडे बोट दाखवू लागतो. एफबी_इनिट, एफबी_रीइनिट आणि एफबी_एक्झिट या पद्धती दिल्या आहेत त्या याच प्रसंगासाठी, आणि किती प्रोग्रॅमांत त्या लिहिलेल्या आढळतात?

लायब्ररीच्या बाबतीत नेहमी ताजी आवृत्ती घ्यावी हा पर्याय प्रोजेक्टमध्ये तारांकित चिन्हाने निवडता येतो, आणि तो निवडणारा आपल्या ग्राहकावर अन्याय करतो असे मी स्पष्ट म्हणतो. आज हस्तांतरित केलेला प्रोजेक्ट तीन वर्षांनी दुसऱ्या अभियंत्याने आपल्या संगणकावर उघडून, एक अक्षरही न बदलता कंपाइल केला, तर त्याला भिन्न प्रोग्रॅम मिळू शकतो. आणि तो भिन्न आहे हे त्याला कळण्याची कोणतीच खूण मजकुरात नसते. आवृत्ती नेमकी नमूद करावी, बदलायची तेव्हा जाणूनबुजून बदलावी, आणि बदलली तर सर्वत्र बदलावी. चालत्या यंत्राला हातच लावू नये असे म्हणणारा जो दुसरा पक्ष आहे त्याचे मी समर्थन करीत नाही. ज्ञात दोष वर्षानुवर्षे तसाच ठेवणे हीही बेजबाबदारीच आहे.

सर्वत्र बदलावी, या शब्दावर मी जोर देतो, कारण अर्धवट बदल हा न केलेल्या बदलापेक्षा वाईट ठरू शकतो याचा एक शोककारक पुरावा इतिहासात आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैन्याच्या पेट्रियट यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र रोखता आले नाही, आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे, आणि त्याचे सेकंदांत रूपांतर करताना एक दशांश हा अपूर्णांक २४ बिटांत पूर्ण मावत नसल्याने दर वेळी सूक्ष्म चूक होई. सुमारे १०० तास अखंड चालल्यावर ती चूक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली होती. पण या घटनेचा गणितज्ञ रॉबर्ट स्कील यांनी पुढल्या वर्षी जो उलगडा केला तो आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. रूपांतराची अधिक अचूक रीत प्रोग्रॅममध्ये आधीच आणलेली होती. ती काही ठिकाणी घातली गेली आणि काही ठिकाणी राहून गेली. सर्वत्र जुनीच रीत असती, तर दोन वेळांची वजाबाकी करताना दोन्हींतील चुका एकमेकींना बव्हंशी खोडत्या. एक वेळ नव्या रीतीने आणि दुसरी जुन्या रीतीने मोजली गेल्यामुळे चूक पुरी शिल्लक राहिली. दुरुस्त प्रोग्रॅम धाहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी. लढाईच्या यंत्रणेचे उदाहरण कारखान्याला कशाला, असे कोणी म्हणेल, तर मी त्याला त्याच्याच प्रोजेक्टमधील टायमरच्या ब्लॉकचे सर्व कॉल शोधून, ते साऱ्या ठिकाणी एकाच आवृत्तीचे आहेत काय, एवढेच तपासावयास सांगेन.

राहिला प्रश्न शिक्षणाचा, आणि माझ्या मते दोषाचा मोठा वाटा तेथेच आहे. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि प्रशिक्षण केंद्रांतून टायमरचा प्रयोग बहुधा असा होतो की, विद्यार्थी बटण दाबतो, पाच सेकंद थांबतो, दिवा लागतो, आणि वहीत निष्कर्ष लिहिला जातो. हा प्रयोग टायमरविषयी जवळजवळ काहीच शिकवत नाही. उलट तो आपोआप चालतो हा भ्रम पक्का करतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने टायमर एका अटीखाली कॉल करावा, मोजणी अर्धी झाली असता ती अट काढून घ्यावी, मिनिटभराने परत द्यावी, आणि ईटीमध्ये कोणता आकडा दिसतो तो स्वतःच्या हाताने टिपून ठेवावा. मग तोच ब्लॉक विनाअट कॉल करून, अट आयएनवर घालून, हाच क्रम पुन्हा करावा. यंत्र ताब्यात घेणाऱ्या कारखानदारांनीही स्वीकृतीच्या चाचणीत हीच कलमे घालावीत : प्रत्येक मुदतबंद अवस्था मध्येच तोडून पुन्हा सुरू करावी, प्रत्येक चक्र वीज न घालवता लागोपाठ दोनदा चालवावे, आणि दुसऱ्या वेळची मुदत हातातल्या घड्याळाने मोजून ती पहिल्या वेळेच्या शेजारी लिहावी.